हिरडीजवळची रेघ

“आ कर.”

खांद्यावरची पर्सही न उतरवता आई पलंगाच्या कडेला बसली होती. भिंगरीने तोंड उघडलं. आईने तिची हनुवटी दोन बोटांत धरली, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचलला. रेघ होती. समोरच्या वरच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, कुणी खडूने ओढावी तशी पांढरीफटक, बिनचमकेची रेघ. कालच्यापेक्षा वाढली नव्हती. पण वाढली नाही म्हणून जीव भांड्यात पडावा, तर तसंही नव्हतं. मग तिने नाक पुढे नेलं.

पुदिना. थंड, गोडसर, ओळखीचा वास.

“आज दात कशाने घासले?”

“ब्रशने.”

“ते कळलं. ब्रशवर काय होतं?”

“तुझं तपकिरी.”

“नक्की? पांढरं नव्हतं?”

भिंगरीने उत्तर देण्याआधी दाराकडे पाहिलं. दारात आजी उभी होती, हातात कुणाच्या तरी झग्याची अर्धवट उसवलेली शिवण. आजीने नजर खाली घातली आणि एक दोरा ओढला.

“तपकिरीच,” भिंगरी म्हणाली आणि पलंगावरच एक गिरकी घेऊन आडवी झाली. एका जागी ठरेल तर शपथ; म्हणून तर आजीने ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं होतं.

आईने बॅटरी विझवली. विमा कंपनीच्या ऑफिसात तिचं रोजचं काम हेच होतं, लोकांचे दावे तपासणं. पुरात वाहून गेलेलं कपाट आधी घरात होतं का, कोसळलेली भिंत आधीपासूनच पडकी होती का. माणूस उत्तर द्यायच्या आधी दुसऱ्या माणसाकडे बघतो तेव्हा काय समजायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. साहेब म्हणायचे, बाईंच्या हातून खोटं सुटत नाही. घरी हे कौतुक कुणी करत नसे.

तिच्या मनातली शंका काही हवेतून आलेली नव्हती. तिच्या स्वतःच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. ती ज्या गावात वाढली तिथलं विहिरीचं पाणी थंडगार होतं, चवीला छान होतं आणि त्यात फ्लोराइड भरमसाट होतं. आळीतल्या सगळ्या पोरांचे दात तसेच, त्यामुळे लहानपणी त्यात वावगं काही वाटलंच नाही. कॉलेजसाठी शहरात आली तेव्हा कळलं की सगळ्या जगाचे दात असे नसतात. तेव्हापासून हसताना तिचा हात आपोआप तोंडाशी जाई. लग्नाच्या एकाही फोटोत तिचे दात नव्हते. “एवढी नाराज होतीस माझ्यावर?” असं नवऱ्याने अल्बम बघताना विचारलं होतं, आणि त्यावरही ती हातामागेच हसली होती.

म्हणून भिंगरीला पहिला दात आला तेव्हाच तिने ठरवून टाकलं. पेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात तो शब्द सापडला आणि ट्यूब मुलीपुरती बाद झाली. नंतर मोबाइलवरच्या आयांच्या ग्रुपमध्ये रोज कुणी ना कुणी काही ना काही पाठवू लागलं: मेंदूवर परिणाम, हाडांवर परिणाम. सगळंच खरं असेल असं तिलाही वाटत नव्हतं. पण आपल्या तोंडातला पुरावा तिला रोज आरशात दिसायचा. तिने झाडपाल्याचं बिनफ्लोराइडचं मंजन आणलं. तपकिरी, आणि चवीला कडूजहर.

दुपारी ती कामावर जायची आणि परत यायची ती भिंगरीच्या झोपेच्या वेळेला. संध्याकाळचे दात घासायचं काम सासूबाईंकडे होतं. “आई, हिच्या तोंडात फक्त हे मंजन. दुसरं काही नाही,” असं तिने सांगितलं, तेव्हा सासूबाई “बरं” म्हणाल्या होत्या. सासूबाईंच्या ‘बरं’चे पुष्कळ प्रकार होते. हा त्यातला नेमका कुठला, ते तिला त्या दिवशी कळलं नव्हतं.

आता कळल्यासारखं वाटत होतं. कारण वासाच्या जोडीला बाथरूममधली ट्यूब होती. पांढऱ्या पेस्टची, घरातल्या मोठ्यांची. ती नको तितक्या वेगाने संपत होती. सासूबाईंच्या तोंडात तर कवळी. तरुणपणीच त्यांचे दात एकेक करून गेले होते, आणि कवळी त्या साबणाने धूत. मग ट्यूब दाबतं कोण? तिने लाल नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका ट्यूबवर लावला, पेस्ट जिथवर होती तिथे. रात्री येऊन पाहिलं, तर पेस्ट ठिपक्याच्या खाली गेलेली.

“मीच जास्त घेत असेन,” नवरा तोंडातल्या फेसातून म्हणाला.

“तू सकाळी घेतोस. ठिपका मी तू गेल्यावर लावते.”

त्याने ब्रश तोंडातून बाहेर काढला. “तू ट्यूबवर ठिपका लावतेस?”

“हो.”

“माझ्यावर कुठे लावलायस का, तेवढं सांगून ठेव.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. दुपारनंतर घरात दोघीच असतात.”

“मग आईला सरळ विचार ना.”

पण पुरावा हातात नसताना विचारायचं नसतं. विचारलं की माणूस सावध होतो, हे ती ऑफिसात रोज बघत होती. तिने विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जाऊन ती जागा बघून आली, आठवड्याच्या शेवटी नक्की कळवते म्हणाली, आणि भिंगरीला तिथे ठेवायचं ठरवतेय, असं जेवताना पानाकडे बघत घरात सांगितलं.

सासूबाईंचा हात ताटाच्या कडेवर थांबला. “माझं काही चुकलं का?”

“तसं नाही हो, आई. तिथे बरोबरीची मुलं असतात. खेळणी असतात.”

“खेळणी,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी जमिनीवर पडलेला एक दोऱ्याचा तुकडा बोटाने गोळा केला, आणखी एक केला. नंतर बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र सुरू झालं. शिवायला काही नसतानाही सुरू झालं, असं तिला वाटलं.

दाताच्या डॉक्टरांची वेळ तिने मुद्दाम दोघी घरी असताना घेतली. “तुम्हीही चला,” ती म्हणाली. “डॉक्टर काय म्हणतात ते दोघींनी ऐकलेलं बरं.”

सासूबाई निघाल्या. निघायच्या आधी त्यांनी भिंगरीच्या वेण्या घातल्या, तिला पांढरे बूट घातले, आपली कापडी पिशवी खांद्याला लावली. बसमध्ये त्या तिघींत कुणी बोललं असेल तर ती भिंगरी.

दवाखान्यातली खुर्ची उंच होती आणि बटण दाबलं की मागे झुकायची. भिंगरीला ती भलतीच आवडली. तिचे बूट वर हवेत आले, दिव्याच्या झोतात रबराच्या कडा अशा लख्ख दिसल्या की डॉक्टरबाई म्हणाल्या, “अरे वा, बूट नवीन वाटतं?”

“जुनेच आहेत,” भिंगरी म्हणाली. “आजी चमकवते.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर आजी जरा ताठ झाली.

“डॉक्टर, मी सरळच सांगते,” आई म्हणाली. आवाज तिने ऑफिसातला काढला होता. “हिच्या दातांवर पांढरे डाग आलेत. मी घरात फ्लोराइड बंद केलंय. तरीही कुणीतरी माझ्या नकळत हिला ती पेस्ट लावतंय.”

तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. खोलीत चौथं माणूस ते एकच होतं.

डॉक्टरबाईंनी बारीक नळीने भिंगरीच्या दातांवर हवा सोडली. फुस्स. भिंगरी खिदळली. दात कोरडे झाले तशी रेघ आणखी उठून दिसली.

“बघितलंत? हे फ्लोराइडनेच ना?”

डॉक्टरबाईंनी उत्तर न देता छोटा आरसा तिच्या हातात दिला. “तुम्हीच बघा. कुठे आहे ही रेघ?”

“हिरडीजवळ.”

“काठाकाठाने. ब्रश नीट फिरत नाही आणि खाल्लेलं बसून राहतं, तिथेच. फ्लोराइड जास्त झाल्याचा डाग असा कडा धरून बसत नाही, दातभर पसरतो, ढगासारखा. आणि तोही दात आत हाडात तयार होत असतो तेव्हाच पडतो, वर आल्यावर नाही.” त्यांनी आरसा परत घेतला. “ही कीड आहे. अगदी सुरुवात. दातातला कस निघून जायला लागला की आधी असं पांढरं दिसतं.”

“पण तिला कुणीतरी...”

“हिला फ्लोराइड कुणी लावत नाहीये हो. लावत असतं, तर बहुधा ही रेघ इथे दिसलीच नसती.”

पाण्याची एक धार बेसिनमध्ये गोल फिरत होती. ज्या पुराव्यावर तिने आठवडाभर खटला चालवला होता तो तिच्या डोळ्यांदेखत उलटला होता, आणि दोषी सुटून स्टुलावर बसली होती, पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत.

“तुमचं लहानपण कुठल्या पाण्यावर गेलं?” डॉक्टरबाईंनी एकदम विचारलं.

तिचा हात तोंडाशी गेला.

“अहो, हात काढा. मी दिवसभर दातच बघते.”

“विहिरीच्या.”

“वाटलंच. तुमच्या वाट्याला ते जास्त आलं, आणि हिच्या वाट्याला आलंच नाही. वस्तू तीच.”

“वस्तू तीच, म्हणूनच तर भीती वाटते.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे तिला बरं वाटलं. “भीती वाटणारच, तुम्ही भोगलंय. पण भाजीत मूठभर मीठ पडलं म्हणून जन्मभर अळणी खाता का? मटारच्या दाण्याएवढी पेस्ट. तुमच्या हाताने घ्यायची, तिला ट्यूब द्यायची नाही. घासून झालं की थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. ट्यूब वरच्या फळीवर.”

“आणि गिळली तर?”

“मटारएवढी? काही होत नाही. ट्यूब खाल्ली तर मला फोन करा.”

मग त्यांनी एक छोटा खोका टेबलावर ठेवला. “आज लेप लावते. हाही फ्लोराइडचाच. तुम्ही हो म्हणालात तर. अजून खड्डा पडलेला नाही. आत्ता हा लेप आणि घरी रोज पेस्ट मिळाली, तर रेघ इथेच थांबू शकते, मागेही फिरू शकते. थांबलात, तर पुढच्या वेळी मशीन लागेल.”

तिने खोका उचलला. चारही बाजूंनी वाचला. झाकणाच्या आत काही लिहिलंय का तेही पाहिलं. डॉक्टरबाई हात बांधून उभ्या राहिल्या. खुर्चीवर भिंगरी तोंड उघडंच ठेवून वाट बघत होती, पाखराच्या पिलासारखी, आणि त्या उघड्या तोंडात ती रेघ होती.

“लावा,” ती म्हणाली.

लेप लावायला काही वेळ लागलाच नाही. बारीक ब्रश, दोन-चार फटकारे. भिंगरी खुर्चीवरून उतरली ती थेट आजीच्या मांडीवर. डॉक्टरबाई पाठमोऱ्या होऊन हात धुऊ लागल्या.

“आज रात्री ब्रश नको, उद्यापासून सुरू. चिकट, कडक काही देऊ नका. आणि हो, रोज रात्री दात घासून झाल्यावर ही काही खाते का? गोड, चघळायचं?”

“छे!” ती लगेच म्हणाली. या एका बाबतीत तरी तिची खात्री होती. “मंजन झालं की पाणीसुद्धा—”

भिंगरीचा हात आजीच्या पिशवीत गेला होता. पिशवीकडे न बघता, शोधाशोध न करता, सरळ बाहेरच्या लहानशा कप्प्यात, जिथे सासूबाई मोजायची टेप ठेवत. हात बाहेर आला तेव्हा बोटांत एक पांढरी चपटी गोळी होती. शहाण्यासारखं दात दाखवले होते, आता बक्षीस. सासूबाईंनी तिची मूठ आपल्या मुठीत झाकून टाकली. पण वास झाकता येत नाही. पुदिना. थंड, गोडसर.

दोघींची नजर भेटली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट कळेना. घाबरलेल्या माणसाचं असतं तसं काहीतरी, आणि खूप थकलेल्या माणसाचंही.

“पाणीसुद्धा काय?” डॉक्टरबाईंनी नळ बंद करत विचारलं. “काही खात नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, यापुढे नाही.”

परतीची बस रिकामी होती. भिंगरी खिडकीशी, मध्ये सासूबाई, कडेला ती. लेपाच्या चवीबद्दल भिंगरीने सविस्तर माहिती दिली आणि मग काचेवर नाक टेकवलं.

“कधीपासून, आई?”

सासूबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. “तू ते मंजन आणलंस तेव्हापासूनच म्हण. अगं, फार कडू आहे ते. मी चाखून बघितलं. पोरगी तोंडच उघडेना, रडून रडून उलटी काढायची. तू तर म्हणाली होतीस, हेच लावायचं, दुसरं काही नाही. मी दुसरं काही लावलं नाही. एक दिवस चुकवला नाही. फक्त झाल्यावर तोंड गोड करायला एक गोळी.”

“रोज?”

“रोज.”

“मला एकदा सांगायचं तरी.”

“काय सांगू? तुझं मंजन कडू आहे म्हणून?” सासूबाई म्हणाल्या. “सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, सासूला सुनेचं काही गोड लागत नाही.”

म्हणाली असती खरी.

“आणि ती ट्यूब?” तिने विचारलं. “बाथरूममधली. ती कशी संपते मग?”

“कुठली ट्यूब?” सासूबाईंना क्षणभर कळेचना. मग त्यांनी भिंगरीच्या लटकत्या पायांकडे बोट केलं. “बूट. त्या पेस्टने रबर असं लख्ख निघतं, की विचारू नकोस. जुन्या ब्रशने घासते मी, दुपारी ही झोपली की. का गं?”

भिंगरीने आपलं नाव निघाल्यासारखे दोन्ही पाय वर उचलून दाखवले. बुटांच्या कडा उन्हात दुधासारख्या चमकत होत्या. त्यांच्यावर कुठे एक रेघ म्हणून नव्हती.

तिला हसू आलं की रडू, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने पर्समधून मोबाइल काढला. तशी सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत राहिल्या.

“हॅलो, पाळणाघर ना? मी जागा बघून गेले होते... हो, तीच. नाही, नको. नाही, तुमच्याकडचं काही कारण नाही. मुलगी घरीच राहील.”

सासूबाई वळल्या नाहीत. त्यांनी फक्त पिशवीच्या कप्प्यातून गोळ्यांची पुडी काढली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. संध्याकाळी ती स्वतः भिंगरीला बाथरूममध्ये घेऊन गेली. मंजनाची डबी कचऱ्याच्या डब्यात टाकलेली होती. टाकताना मात्र तिने तिचं झाकण घट्ट लावलं होतं. वरच्या फळीवरून ट्यूब काढली. लाल ठिपका अजून तिच्यावर होता. तिने ब्रशवर पेस्ट दाबली. मटारचा दाणा. बरोबर मटारचा दाणा. ती त्या दाण्याकडे बघत राहिली. समोर आरसा होता, त्यात आपसूक उघडलेलं तिचं तोंड होतं, आणि पट्टे होते.

तिने नखाने अर्धी पेस्ट काढली आणि बेसिनच्या कडेला पुसली.

“अगं, ती पडली,” भिंगरी म्हणाली.

“पडू दे. आ कर.”

घासून झालं, थुंकून झालं. कडू नाही म्हटल्यावर भिंगरीने गोळीचं नावही काढलं नाही. बाहेरच्या खोलीत सासूबाई यंत्रात दोरा ओवत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“झालं?”

“झालं.”

“केवढीशी लावलीस?”

“त्यांनी सांगितली तेवढी.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. दोरा ओवायचा त्यांनी तसाच सोडला. “भिंगरे, इकडे ये बघू. आजीजवळ ये.”

भिंगरी गिरकी घेत गेली. सासूबाईंनी तिची हनुवटी दोन बोटांत धरून दिव्याकडे वळवली.

“आ कर.”

त्या वाकल्या. ओठ उचलून पाहिलं. मग नाक पुढे नेलं, आणि त्यांच्या भुवया जराशा जवळ आल्या.

“काय गं, मटारएवढी होती का पेस्ट?”

भिंगरीने उत्तर देण्याआधी दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती.

सासूबाईंनीही तिकडे पाहिलं. खाली सुटलेल्या दोऱ्याचं टोक शोधू लागल्या.

मग ती म्हणाली, “चल गं भिंगरे, अर्धे दात राहिलेत,” आणि आत जाऊन वरच्या फळीवरची ट्यूब तिने पुन्हा खाली काढली.